सुफळ संपूर्ण झाल्यावर

लहानपणी श्रावणात आमची आजी कहाण्या वाचून दाखवी, तेव्हा एक गोष्ट मला कधीच पटत नसे. कहाणी ऐन रंगात आलेली असे. राजाला हरवलेला मुलगा सापडलेला असे, नावडती राणी आवडती झालेली असे, आणि तेवढ्यात आजी हातातल्या अक्षता देवावर टाकून 'सुफळ संपूर्ण' म्हणून मोकळी होई. "मग पुढे काय झालं?" असे मी विचारी. "पुढे काय व्हायचंय? सुखानं नांदली," एवढे म्हणून ती चुलीकडे वळे. माझे समाधान होत नसे. नांदली म्हणजे काय केले? त्या दोघी राण्यांचे पुढे पटले का? मुलगा राज्यावर बसल्यावर आईला विसरला तर नाही ना? आजीला हे सारे ठाऊक आहे आणि निव्वळ कंटाळा म्हणून ती सांगत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

आता मी स्वतः आजोबा झालो आहे, आणि तोच प्रश्न एका जपानी चित्रपटाने माझ्यापुढे पुन्हा आणून ठेवला. दिवाळी अंकात मुलांच्या कार्टूनची कथा कशाला, असे एखाद्या वडीलधाऱ्या वाचकाला वाटेल. त्यांना माझी एवढीच विनंती, की घरातल्या एखाद्या मुलाला जवळ बोलवावे आणि डोरेमॉन कोण, असे विचारावे. चकल्यांचा डबा रिकामा होईल, पण माहिती संपायची नाही.

तरी ज्यांच्या घरी मूल नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नोबिता नावाचा एक मुलगा आहे. अभ्यासात ढ, खेळात कच्चा, स्वभावाने भित्रा आणि आळशी. त्याचे पुढे काही बरे होणार नाही हे पाहून त्याचाच एक वंशज बाविसाव्या शतकातून एक निळा यांत्रिक बोका त्याच्याकडे पाठवतो. तो डोरेमॉन. त्याच्या पोटावरच्या खिशातून हवी ती अजब वस्तू निघते, आणि तिचा भलताच उपयोग करून नोबिता रोज नव्या संकटात सापडतो. हिरोशी फुजिमोतो या चित्रकथाकाराने फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने ही कथा लिहिली. १९६९ च्या डिसेंबरात, म्हणजे १९७० च्या जानेवारी अंकांतून, ती मुलांच्या सहा मासिकांत एकदम सुरू झाली. १९८० पासून तिच्यावर जवळजवळ दरवर्षी एक चित्रपट निघत आला. १९९६ मध्ये फुजिमोतो वारले, तेही पुढल्या वर्षीच्या चित्रपटाच्या कथेवर काम करीत असताना. चित्रपट त्यानंतरही थांबले नाहीत. आपल्याकडे २००५ पासून डोरेमॉन हिंदीतून दूरचित्रवाणीवर आला, आणि मराठी घरांतली पोरे आईला "मम्मी, भूख लगी है" असे म्हणू लागली.

आमची नात त्यांतलीच एक. ती दूरचित्रवाणीपुढे बसली, की माझी पत्नी मटार सोलायला म्हणून तिच्याशेजारी बसे. पहिले काही दिवस "बंद कर ते मेलं मांजर" असे चाले. मग "काय झालं गं आज त्याचं?" असे विचारणे सुरू झाले. पुढे पुढे तर मटार संपले तरी ही उठेना. डोरेमॉनच्या जादूचे तिला कौतुक नव्हते. तिला घोर लागला होता तो नोबिताचा. "सगळं मेलं दुसऱ्याच्या जिवावर. हा बावळट पोरगा पुढे संसार कसा करणार?" असे ती अगदी मनापासून म्हणे. जणू तो आमच्या भाच्यापुतण्यांतलाच एक होता.

तिचा घोर एका चित्रपटाने दूर केला. 'स्टँड बाय मी डोरेमॉन' हा चित्रपट जपानात २०१४ च्या ऑगस्टमध्ये लागला. फुजिमोतोंच्या काही निवडक कथा एकत्र ओवून ताकाशी यामाझाकी आणि र्‍यूइची यागी या दिग्दर्शकांनी तो केला होता. डोरेमॉन येतो तेव्हापासून त्याच्या निरोपापर्यंतची ही कथा. मध्ये भविष्यातले एक दृश्य आहे. मोठ्या झालेल्या नोबिताचे लग्न त्याच्या बालमैत्रिणीशी, शिझुकाशी, ठरले आहे. लग्नाची आदली रात्र आहे. बापाला एकटे टाकून जायचे म्हणून शिझुकाचा पाय निघत नाही. तेव्हा तिचे वडील तिला समजावतात. तू निवड चांगली केलीस, असे ते सांगतात. हा मुलगा दुसऱ्याच्या सुखाने सुखी होतो आणि दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होतो, माणसाजवळ याहून मोठे काही नसते, असा त्यांचा भाव आहे. लग्न मात्र चित्रपटात दाखवलेले नाही. आदल्या रात्रीच आपण तिथून परततो.

आम्ही तिघांनी तो चित्रपट घरीच पाहिला. शिझुकाच्या वडिलांचे बोलणे संपल्यावर आमच्या हिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "चला, लागला एकदाचा मार्गी. सासरा शहाणा मिळाला." त्यानंतर नोबिताची काळजी तिने कधी केली नाही. २०१९ साली ती गेली.

'स्टँड बाय मी डोरेमॉन २' हा पुढचा भाग २०२० चा. डोरेमॉनच्या पन्नाशीच्या निमित्ताने तो निघाला. साथीमुळे ऑगस्टचे प्रदर्शन नोव्हेंबरवर गेले, आणि २०२१ च्या अखेरीस तो आपल्याकडे घरबसल्या पाहायला मिळाला. नात तेव्हा पाचवीत होती. या भागात नोबिताची आजी आहे, हे तिने आधीच कुणाकडून तरी ऐकून ठेवले होते. "आजोबा, आपण दोघंच पाहू या," असे ती म्हणाली. का, ते मी विचारले नाही.

आरंभ फार सुंदर आहे. नोबिताला ठिगळे लावलेले जुने खेळण्यातले अस्वल सापडते. ते त्याच्या वारलेल्या आजीने शिवलेले असते. डोरेमॉनच्या कालयंत्रात बसून तो आजीच्या काळात जातो. समोर उभा असलेला हा मोठा मुलगा म्हणजे आपला तान्ह्यासारखा जपलेला नातूच, हे आजीला कुणी पटवून द्यावे लागत नाही. तो सांगतो आणि ती विश्वास ठेवते. मग ती म्हणते, तुला दप्तर घेऊन शाळेत जाताना पाहायचे होते. तो दप्तर आणून दाखवतो. तेव्हा तिला वाटते, याची नवरी पाहायला मिळाली तर किती बरे! इथवर नात माझ्या दंडाला घट्ट धरून बसली होती, आणि माझा चष्माही धूसर झाला होता.

पुढे मात्र मन हळूहळू उतरू लागले. आजीला नवरी दाखवायची म्हणून नोबिता भविष्यात आपल्या लग्नाच्या दिवशी जातो, तो नवरदेव पळून गेलेला! शिझुकाला आपण सुखी करू शकू असा विश्वास उरला नाही, म्हणून ऐन मुहूर्तावर मोठा नोबिता कालयंत्रात बसून भूतकाळात निघून गेला आहे. मग छोटा नोबिता मोठ्याच्या जागी उभा राहतो, दोघांच्या शरीरांची अदलाबदल होते, धावपळ, पाठलाग, गोंधळ. आणि अखेर सारे सुरळीत होऊन लग्न लागते. शिझुका मुळी रागावतच नाही. आजीची इच्छाही पुरी होते. पडद्यावर सर्वत्र आनंद पसरला, आणि आम्ही दोघे गप्प बसून राहिलो. थोड्या वेळाने नात म्हणाली, "आजीला हे आवडलं नसतं."

नोबिताच्या आजीला, की हिच्या? मला वाटते, दोघींनाही.

निराशा झाली, की आपण कुणाला तरी आरोपी करतो. मीही प्रथम पैशाकडे बोट दाखवले. पहिल्या भागाने जपानात आठ अब्ज येनांहून अधिक मिळवले होते. दुसरा भाग काढण्याचा मोह कुणाला आवरेल? पण हे कारण पुरेसे नाही. पहिला भागही काही धर्मादाय काढला नव्हता. शिवाय दुसऱ्या भागाचे उत्पन्न पहिल्याच्या निम्मेही झाले नाही, यात साथीचा वाटा किती आणि निराशेचा किती, हे कोण सांगणार? तो पाहून मनापासून रडलेली माणसेही पुष्कळ आहेत, आणि त्यांचे रडणे खोटे म्हणण्याचा मला अधिकार नाही. मग मला नेमके काय खुपले?

शिझुकाच्या वडिलांनी एक साक्ष दिली होती. या मुलाला परदुःख कळते, असे त्यांनी मुलीला सांगितले आणि तिची चिंता दूर केली. त्या शब्दावर तिने विश्वास ठेवला, आमच्या हिने ठेवला, मी ठेवला. आणि दुसऱ्या दिवशी तोच मुलगा त्यांच्या मुलीला लग्नमंडपात एकटी सोडून पळतो! माणसे भितात, पळतात, हे मला मान्य आहे. पण जो पळाला त्याच्या पळण्याचे मोल कुणीतरी मोजले पाहिजे. इथे ते कुणीच मोजत नाही. शिझुकाचा अपमान झाला, तो कालयंत्राने पुसून टाकला. बापाचा शब्द खोटा पडला, तो शेवटच्या अक्षतांबरोबर पुन्हा खरा झाला. मागल्या गोष्टीने जोडलेली पुण्याई पुढल्या गोष्टीने उधार काढली, उधळली आणि व्याज न देता परत केल्याचा आव आणला. पुढचा भाग वाईट निघणे हा काही गुन्हा नव्हे. परंतु तो नेहमी मागल्या भागाच्या पतीवर उभा असतो, आणि जो दुसऱ्याच्या पतीवर उभा राहतो त्याच्यावर ती पत राखण्याची जबाबदारी येते. सावकारी पेढीला जो नियम, तोच गोष्टीलाही.

आजीची ही गोष्ट फुजिमोतोंनी मुळात १९७० साली लिहिली. ती कशी संपते, ते पाहण्याजोगे आहे. आजीने नवरी पाहायची इच्छा बोलून दाखवताच नोबिता धावत आपल्या काळात येतो आणि शिझुकाकडे जाऊन, आत्ताच्या आत्ता माझ्याशी लग्न कर, असे म्हणतो. ती बिचारी गोंधळून जाते. संपली गोष्ट. आपण हसतो, आणि हसता हसता आत कुठेतरी हलतो. आजीची इच्छा तशीच राहते, आणि राहिली म्हणूनच ती आपल्याला विसरता येत नाही. अर्धशतकानंतर चित्रपटाने ती इच्छा पुरी करून दिली. यात हेतू वाईट नाही; आजीला विन्मुख का पाठवावे, असेच त्यांना वाटले असेल. पण ती इच्छा कोणत्या जातीची होती, हे त्यांच्या ध्यानात आले नसावे.

आपल्या घरोघरच्या आज्यांचे काय असते? आधी मुंज पाहून डोळे मिटेन. मुंज झाली, की नातसून पाहीन. नातसून आली, की पणतवाचे तोंड पाहीन, त्याच्यावर सोन्याची फुले उधळीन. एक झाले, की पुढचे. वरवर पाहता ही न संपणारी हाव वाटते. परंतु असे म्हणणाऱ्या आजीच्या मनात नातवाबद्दल शंका असते काय? त्याची मुंज होईल, लग्न होईल, संसार होईल, हे तिने धरूनच ठेवलेले असते. तिला पुरावा नको असतो. सोबत हवी असते. 'पाहीन' या शब्दाचा तिच्या तोंडी अर्थ 'तपासून घेईन' असा नसतो, 'तेव्हाही तुझ्याजवळ असेन' असा असतो. म्हणून ती इच्छा अपुरी राहिली तरी वाया जात नाही. नोबिताची आजी तर विश्वासाची मूर्तीच आहे. अनोळखी मुलगा दारात उभा राहून मी तुझा नातू असे म्हणतो, आणि ती मान डोलावते. अशा आजीपुढे नवरी उभी करण्याकरिता आधी नवरदेवाला पळवावे, त्याच्या लायकीची परीक्षा मांडावी, हे सारे तिच्या सोबतीच्या इच्छेला पुराव्याची मागणी समजण्यातून घडले.

मग एकदा संपलेली गोष्ट पुढे नेऊच नये काय? तसे मी म्हणणार नाही, कारण त्याच फुजिमोतोंनी ती नेलेली आहे. १९७४ च्या मार्चमध्ये, तिसरीच्या मुलांच्या मासिकात, त्यांनी डोरेमॉनला परत भविष्यात पाठवले. जाण्याआधीच्या रात्री नोबिता दांडगट जियानशी एकट्याने लढतो. मार खातो, पडतो, पुन्हा उठून त्याला बिलगतो. अखेर जियानच कंटाळून हार मानतो. डोरेमॉनला निश्चिंत मनाने जाता यावे, एवढ्याचसाठी ही लढाई. सकाळी खोली रिकामी असते. गोष्ट तिथे संपू शकली असती. जपानात शाळेचे वर्ष मार्चला संपते आणि एप्रिलला सुरू होते. तिसरीतल्या मुलांना मासिकानेही निरोप द्यावा, हे शोभूनच दिसले असते.

पण एप्रिलमध्ये तीच मुले चौथीत गेली आणि त्यांच्या नव्या मासिकात नवी गोष्ट आली. एक एप्रिलचा दिवस. डोरेमॉन दिसला, असे खोटेच सांगून जियान नोबिताला फसवतो. दुखावलेला नोबिता डोरेमॉनने मागे ठेवलेली वस्तू काढतो. तिच्यातले पेय प्याल्यावर माणूस जे बोलेल त्याच्या उलट घडते. खोड्या काढणाऱ्यांचा सूड घेऊन तो घरी येतो. सूडात त्याला गोडी वाटत नाही. आई विचारते, तेव्हा तो उदासपणे सांगतो, की डोरेमॉन आता कधीच परत येणार नाही. पेयाचा अंमल अजून उतरलेला नसतो. खोलीचे दार उघडतो, तो समोर डोरेमॉन!

या पुनरागमनाने मागल्या निरोपाला कुठे धक्का लागला? उलट, निरोप खरोखर पचवला म्हणूनच भेट झाली. 'तो येणार नाही' हे सत्य ज्याने कबूल केले त्यालाच तो परत मिळाला. नोबिता जर 'येईल, येईल' म्हणत बसला असता, तर त्या पेयाच्या न्यायाने डोरेमॉन कायमचा अंतरला असता.

आपल्याकडेही असा एक पुढचा भाग होऊन गेला आहे. वाल्मीकीच्या रामायणातले उत्तरकांड मागाहून जोडलेले आहे, असे अनेक अभ्यासकांचे मत. राज्याभिषेकाने सुफळ झालेल्या कथेत सीतेचा त्याग आला, आणि ती अखेर धरणीच्या पोटात गेली. शतकानुशतके माणसांना हे बोचत आले. आठव्या शतकात विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीने 'उत्तररामचरित' लिहून रामसीतेची पुन्हा भेट घडवली. पण ती फुकट नव्हे. तिसऱ्या अंकात गोदातीरावर, पंचवटीच्या परिसरात, राम सीतेसाठी शोक करतो आणि अदृश्य सीता शेजारी उभी राहून ते ऐकते. केलेल्या त्यागाचे मोल तिथे पै न् पै चुकते होते, आणि नंतरच भेट होते. उत्तरकांडाने आपल्याला दुखावले, पण ते दुःख परत घेतले नाही. भवभूतीने ते निवारले, पण आधी भोगायला लावले. पळून गेलेल्या नवरदेवाला यांतले काहीच करावे लागले नाही, हाच काय तो फरक.

एवढे लिहिल्यावर स्वतःकडेही पाहिले पाहिजे. हा दुसरा भाग कुणी मागितला? मीच मागितला. लग्नाची आदली रात्र पाहून माझी नात "मग लग्न कधी?" असे म्हणाली होती, आणि मीही मनात तेच म्हणालो होतो. ज्यांच्याबद्दल पुढे काय झाले हे विचारावेसे वाटत नाही, त्यांच्यावर आपला जीव नसतो. तेव्हा विचारण्यात दोष नाही. पण सगळे पाहायला मिळालेच पाहिजे असा हट्ट धरला, की कुणीतरी दाखवायला पुढे येणारच. आणि दाखवण्याजोगे काही उरले नसेल तर तो नवरदेवाला पळवणार. आजी 'सुखानं नांदली' म्हणून चुलीकडे वळे, ते कंटाळ्याने नव्हे, हे मला साठी उलटल्यावर कळले. राण्यांवर तिचा विश्वास होता.

त्या रात्री नात झोपायला जाईना. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आजोबा, नोबिताच्या आजीला तरी परत जाऊन दाखवता आलं. आपल्या आजीनं माझं काहीच नाही पाहिलं." याला काय उत्तर द्यावे? कालयंत्र माझ्याजवळ नाही. मी उठलो आणि कपाट उघडून आतल्या कप्प्यातली एक पुरचुंडी तिच्या हातावर ठेवली. हिने आपल्या पाटल्या मोडून नातीच्या मापाचा अंदाज घेत नव्या घडवून ठेवल्या होत्या. नात तेव्हा दुसरीत होती. सोनाराने विचारले होते, "वहिनी, एवढ्या लवकर? माप बदलेल ना!" त्यावर ही म्हणाली होती, "वीस वर्षांनी तिचा हात केवढा असेल ते मला दिसतंय. तुम्ही घडवा."

नातीने त्या मनगटात घालून पाहिल्या. कोपरापर्यंत सरकल्या. ती हसली, आणि त्या तिने पुन्हा नीट पुरचुंडीत बांधून माझ्याकडे दिल्या. "राहू देत," ती म्हणाली, "अजून वेळ आहे."

मी कपाट लावून घेतले. पुढे काय होईल, हे मी पाहीन की नाही, कुणास ठाऊक.